न ओढलेल्या सिगारेटी कशा सोडाव्या

मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. हे वाक्य मी आता आमच्या दुरास्नो गावात मोठ्याने म्हटलं, तर लोक समजूतदारपणे मान हलवतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतात. परवा पावाच्या दुकानात एका अनोळखी बाईंनी तर 'धीर सोडू नका' असंही सांगितलं. तेव्हा काय झालं ते एकदा सविस्तर सांगून टाकतो, म्हणजे निदान वाचणाऱ्याच्या मनात तरी माझी अब्रू शाबूत राहील.

सुरुवात एका भुवईपासून झाली. आमच्या क्लबात दरवर्षी थंडीच्या तोंडावर, म्हणजे आमच्याकडे जूनच्या सुमारास, त्रुकोची स्पर्धा होते. त्रुको म्हणजे चौघांचा पत्त्यांचा डाव, प्रत्येकाच्या हातात तीन पानं, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. या खेळात खोटं बोलायची पूर्ण मुभा असते. किंबहुना जो खोटं बोलत नाही त्याला कोणी खेळायलाच घेत नाही. शिवाय भिडूला चेहऱ्याने खुणा करायच्या असतात, मात्र दुसऱ्या जोडीच्या नजरेस न पडता. आमच्या टेबलावर भुवया वर म्हणजे सगळ्यात मोठं पान हातात आहे. गाल फुगवले म्हणजे तिन्ही पानं एकाच रंगाची. दोन्ही डोळे मिटले म्हणजे हातात काही नाही, आता देवाचं नाव घे. जगाशी कितीही खोटं बोला, पण भिडूशी नाही, एवढा एकच धर्म या खेळात पाळला जातो.

माझा भिडू डार्विन. त्याचं टायरचं दुकान आहे, माझं चष्म्याचं. गेल्या वर्षी अंतिम डावात त्याने मला भुवया उडवून मोठं पान असल्याची खूण केली. मी ती पाहिली. पण माझी पाळी येईपर्यंत मी ती विसरलो आणि डाव सोडून, पानं टाकून मोकळा झालो. बक्षिसाचं कोकरू आमच्या डोळ्यांदेखत नोटरी लार्राल्देच्या गाडीत चढलं. डार्विन महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आणि यंदा स्पर्धा जवळ आली तसा एका टायरकडे बघत, जणू काही टायरलाच सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "फाब्रिसियो हल्ली बरा खेळायला लागलाय."

फाब्रिसियो म्हणजे त्याचा जावई. मला काय समजायचं ते समजलं. लहानपणापासून मी दर गुरुवारी संध्याकाळी डार्विनसमोर बसत आलोय. आमची लग्नं झाली, पोरं झाली, पोरं राजधानीला, माँतेविदेओला जाऊन बसली, पण गुरुवार हलला नाही. तो गेला तर माझ्या आठवड्यात उरणार काय? चष्मे. मी खरंच घाबरलो, आणि हे मी कोणापाशी बोललो नाही. निबियापाशी, म्हणजे माझ्या बायकोपाशी, तर नाहीच. निबियाला सांगणं म्हणजे डार्विनच्या बायकोला सांगणं.

बोललो ते फक्त शेजारच्या एल्बियोपाशी. तेही त्याने मला माझ्याच दारात किल्ल्यांसाठी खिसे चाचपताना पकडलं म्हणून. एल्बियो कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालाय आणि तेव्हापासून दिवसभर फोनवर जगातलं ज्ञान वाचतो.

"निकोटिन!" तो म्हणाला. "अरे, सिगारेट न ओढणाऱ्या माणसांना निकोटिनचे पॅच लावून पाहिलेत. लक्ष वाढतं. आठवण वाढते."

"कोणी पाहिलंय?"

"शास्त्रज्ञांनी."

"कुठल्या?"

"एबेर, नाव सांगून उपयोग काय? तू विसरणार."

तरी म्हटलं, "मग तू एवढी पाकिटं फुंकतोस, तुला सगळं आठवतं?"

"सगळं. फक्त जिना चढवत नाही. म्हणून तर पॅच म्हणतोय, धूर नको."

औषधाच्या दुकानात पॅच मिळेना. डॉक्टरांची चिठ्ठी लागते म्हणाले. चिठ्ठी कोण देणार, तर दवाखान्यातल्या सिगारेट सोडणाऱ्यांच्या वर्गाच्या डॉक्टर सुल्मा. त्या पॅचही फुकट देतात. आमच्या देशात सिगारेट सोडणाऱ्याला सरकारपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे जीव लावतात. ज्याने कधी ओढलीच नाही त्याला कुत्रं विचारत नाही. हा अन्याय मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला.

"मग ओढतो म्हणून सांग," एल्बियो म्हणाला. "त्रुको खेळणारा माणूस तू, एवढं खोटं बोलायला तुझं काय जातंय?"

डॉक्टर सुल्मांचा चेहरा फार प्रेमळ आहे. अशा चेहऱ्यासमोर खोटं बोलणं पत्त्यांपेक्षा अवघड जातं. आमच्याकडे मान देऊन 'डॉन' म्हणतात, तसं म्हणत त्यांनी विचारलं, "उठल्यावर पहिली कधी ओढता, डॉन एबेर?"

"माते पिताना," मी म्हटलं. हे सुरक्षित उत्तर होतं. माते म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा. आमच्याकडे सकाळी सगळंच माते पिताना होतं.

"आणि कुठली?"

मला एकाही सिगारेटचं नाव आठवेना. मी म्हटलं, "ती हो, लाल पाकिटातली."

डॉक्टर सुल्मांनी पेन खाली ठेवलं. "डॉन एबेर, आपल्याकडे सगळी पाकिटं एकाच मातकट रंगाची केलीत. त्यालाही बरीच वर्षं झाली."

हे जगातल्या कुठल्याही सिगारेट ओढणाऱ्याला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मला घाम फुटला आणि तोंडातून निघून गेलं, "घरी जुना साठा आहे."

त्यांचे डोळे पाणावले. "साठा करून ठेवलाय?" त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या वर्षांचा? बरं झालं तुम्ही आलात." आणि त्यांनी चिठ्ठीवर सगळ्यात जोरदार पॅच लिहिला.

पण आधी एका यंत्रात फुंकायचं होतं. छातीत किती धूर आहे ते यंत्र सांगतं. मी फुंकलं आणि यंत्राने शून्य दाखवलं. डॉक्टरांनी ते हलवलं, पुसलं, टेबलावर आपटलं. पुन्हा शून्य. "बिघडलंय," त्या म्हणाल्या. "परवा या, दुरुस्त करून ठेवते."

आता दोन दिवसांत छातीत धूर भरणं आलं. एल्बियोने सल्ला दिला की ओढायची गरज नाही, ओढणाऱ्यांत उभा राहा. आमच्याकडे हॉटेलात सिगारेट ओढायची बंदी असल्यामुळे सगळे ओढणारे चौकातल्या बारबाहेर फूटपाथवर थंडीत कुडकुडत उभे असतात. मी त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि योगासनं करणाऱ्यासारखे दीर्घ श्वास घेऊ लागलो. एल्बियोही आला आणि त्याने मैत्रीखातर माझ्या नाकावर सरळ धूर सोडला. मला असा खोकला लागला की पलीकडच्या फूटपाथवरून जाणारे फादर थांबले.

"एबेर, या वयात?" ते म्हणाले. ते माझे गिऱ्हाईक. त्यांच्या डोळ्यांवर माझ्याच दुकानातला चष्मा होता, त्यामुळे नीट दिसलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

ठरल्या दिवशी यंत्राने एवढासा आकडा दाखवला. डॉक्टर सुल्मा आनंदाने उभ्या राहिल्या. साठेबाज माणूस, आणि छातीत इतका कमी धूर! मी दोनच दिवसांत जवळजवळ सोडलीच असं त्यांनी ठरवलं आणि माझ्या दंडावर स्वतःच्या हाताने पहिला पॅच चिकटवला.

त्या पॅचने काय झालं ते सांगतो. पहिल्या दिवशी मळमळलं, मातेची चव शाईसारखी लागली आणि छातीत कोणीतरी फर्निचर हलवतंय असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी डोकं लख्ख झालं. फादरांच्या पहिल्या चष्म्याचा नंबर मला आपोआप आठवला. निबियाच्या मावसबहिणीच्या लग्नात मटण कच्चं राहिलं होतं आणि त्यावरून कोण कोणाला काय म्हणालं, तेही आठवलं, आणि मी ते मावसबहिणीला फोन करून सांगितलं. हा पॅचचा गुण की माझ्या मनाचे खेळ, कोण जाणे. दुकानाच्या किल्ल्या मात्र सापडल्या नाहीत. स्मरणशक्ती वाढली होती यात शंका नाही, फक्त ती माझ्या उपयोगाची नव्हती.

इकडे वर्गात माझं भलतंच प्रस्थ वाढलं. दर आठवड्याला सगळे ओळीने त्या यंत्रात फुंकत. बिचाऱ्यांचे आकडे वरखाली होत. माझा मात्र शून्य. एका थकलेल्या ट्रकवाल्याने मला विचारलं, "भाऊ, रात्री तलफ येते तेव्हा तुम्ही काय करता?" मी खरं तेच सांगितलं, "मला तलफ येतच नाही." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, पण पॅच तर हवे होते.

मे महिन्याच्या शेवटी तंबाखूविरोधी दिवस आला आणि डॉक्टर सुल्मांनी मला न विचारता गावच्या रेडिओवर माझं नाव देऊन टाकलं. बातम्यांनंतर, बटाट्याच्या भावाच्या आधी, निवेदकाने अख्ख्या दुरास्नोला सांगितलं की चष्मेवाले डॉन एबेर यांनी चाळीस वर्षांचं छुपं व्यसन एका आठवड्यात सोडलं.

निबिया तेव्हा भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"चाळीस वर्षं?"

"अगं, ते रेडिओवाले—"

"घरात तू ओढली नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. माझं नाक शाबूत आहे." ती माझ्याजवळ आली. "म्हणून तर विचारते. कुणाच्या घरी ओढत होतास?"

मी नाही म्हणालो तर खोटारडा, हो म्हणालो तर त्याहून वाईट. त्या आठवड्यात माझ्या ताटात रोज काल उरलेलं अन्न होतं आणि तेही गार.

पण खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. डार्विन दुकानात आला. बसला नाही. मी माते पुढे केलं, ते घेतलं नाही. दुरास्नोत माते नाकारणं म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

"इतकी वर्षं मी तुझा चेहरा वाचतोय," तो म्हणाला. "तुझ्या डाव्या गालाला खाज सुटली तर मला कळतं. आणि तू सिगारेटी ओढत होतास आणि मला पत्ता नाही?"

"डार्विन, ऐक—"

"दुसऱ्यांशी खोटं बोललास तर मी टाळ्या वाजवीन. पण मी तुझा भिडू आहे रे." तो दाराकडे वळला. "आपलं नाव देऊन झालंय म्हणून ही स्पर्धा खेळतो. पुढचं पुढे बघू."

आणि तो गेला. आता बघा माझी अवस्था. खरं सांगावं, तर मी विसरायला लागलोय हे सांगावं लागणार, म्हणजे फाब्रिसियो माझ्या खुर्चीत. न सांगावं, तर मी भिडूला फसवणारा, म्हणजे पुन्हा फाब्रिसियोच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी ठरवलं की स्पर्धा जिंकून दाखवायची, मग कोण मला काढतो बघू. पॅच अगदी न चुकता लावत राहिलो.

स्पर्धेच्या रविवारी दुपारी अख्खा क्लब भरला होता. फाटकाला बक्षिसाचं कोकरू बांधलेलं होतं आणि येणारा प्रत्येक जण त्याची पाठ चाचपून मगच आत येत होता. डॉक्टर सुल्मा वर्गातल्या पाच-सहा जणांना घेऊन पुढच्या बाकावर बसल्या होत्या, माझा आदर्श सगळ्यांना दिसावा म्हणून. निबिया त्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून.

सुरुवातीचे सामने आम्ही जिंकले. पण अंतिम सामन्याला लार्राल्दे आणि त्याचा अबोल पशुवैद्य भिडू आमच्या टेबलावर येऊन बसले आणि माझं अंग बिघडलं. आधी घाम. मग उचकी. माझी उचकी अशी की प्रत्येक वेळी दोन्ही भुवया टोपीपर्यंत जातात. डार्विनने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, मोठं पान. तो जोरात खेळला. माझ्या हातात चौकी आणि सत्ती. आम्ही हरलो. पुढच्या डावात मला मळमळून आलं आणि मी ओठ घट्ट मिटले, तर गाल फुगले. डार्विनला वाटलं, तिन्ही पानं एका रंगाची. पुन्हा हरलो. तिसऱ्या वेळी खरंच मोठं पान आलं, तर गरगरल्यामुळे माझे डोळे मिटले आणि डार्विनने पानं टाकून दिली. लार्राल्देने तोवर माझा चेहरा वाचायला सुरुवात केली होती, आणि त्यालाही काही कळत नव्हतं. त्यामुळे तोही अधूनमधून घाबरून माघार घ्यायचा, आणि गुण कसेबसे बरोबरीत आले.

शेवटचा डाव. माझ्या हातात तीन पानं, तिन्ही कचरा. तेवढ्यात उचकी आली. डार्विनने माझ्या भुवया पाहिल्या आणि बोली लावत गरजला, "त्रुको!"

"रेत्रुको!" लार्राल्देने बोली वाढवली.

आता डार्विनने एक तर माघार घ्यायची, नाहीतर बोली घ्यायची किंवा आणखी वाढवायची. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या भुवया वर होत्या, गाल फुगलेले होते आणि दोन्ही डोळे मिटलेले. त्रुकोच्या इतिहासात असा चेहरा कोणी कोणाला दाखवला नसेल. डार्विनने पानं तात्पुरती टेबलावर पालथी ठेवली.

"एबेर," तो म्हणाला, "डोळे उघड. एकच विचारतो. तू सिगारेट ओढायचास का?"

पुढच्या बाकावरून डॉक्टर सुल्मा माझ्याकडे बघून धीर देत हसल्या. माझ्यात खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"कधीच नाही," मी म्हटलं. "एकही नाही. मला आठवत नाही रे हल्ली. एल्बियो म्हणाला पॅचने आठवतं, म्हणून लावला. तू फाब्रिसियोला घेशील म्हणून भ्यालो. आणि माझ्या हातात काहीसुद्धा नाही."

अख्खा क्लब खो खो हसत सुटला. लोकांनी बाक बडवले. "काय थाप मारली!" "याला म्हणतात त्रुको!" वर्गातला ट्रकवाला उभा राहून टाळ्या वाजवू लागला. दुरास्नोत भर टेबलावर एवढं उघडं खरं कोणी कधी बोललंच नव्हतं, मग लोकांनी ते ओळखावं तरी कसं? हसला नाही तो फक्त डार्विन. तो माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि बघता बघता त्याचा चेहरा सैल झाला. मग तो हळूच लार्राल्देकडे वळला.

"वाले क्वात्रो," तो म्हणाला. याच्या वर बोली नाही.

लार्राल्देने माझ्याकडे पाहिलं, पशुवैद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. इतकं रडवेलं सोंग करणारा माणूस हातात काय घेऊन बसला असेल, या विचाराने तो पांढरा पडला. त्याने पानं टाकली.

जिंकल्यावर लोकांनी मला उचलायचा प्रयत्न केला, पण माझा रंग बघून पुन्हा खाली ठेवलं. डॉक्टर सुल्मांनी माझी बाही वर केली. एक पॅच निघाला. दुसरी बाही वर केली. दुसरा पॅच. पाठीवर तिसरा.

"डॉन एबेर! नवा लावताना जुना काढायचा असतो!"

"विसरलो," मी म्हटलं.

त्यांनी तिन्ही ओढून काढले. मी पुन्हा सांगू लागलो की मी कधीच ओढत नव्हतो, तर त्यांनी माझा हात थोपटला. "नाकारणं ही सुद्धा एक पायरीच असते," त्या म्हणाल्या. "बुधवारी वर्गाला या."

निबिया समोर येऊन उभी राहिली. मी तिला काही सांगणार इतक्यात तीच म्हणाली, "पुरे. कळलं मला. चाळीस वर्षं काही लपवणं तुझ्याने झालंच नसतं. कुठे लपवलं तेच विसरला असतास." आणि कोकरासाठी परसात जागा करायला ती पुढे निघून गेली.

डार्विन मला घेऊन पायी निघाला. हवेने मला जरा बरं वाटलं. शेवटी मीच विषय काढला.

"फाब्रिसियोला सांगितलंस का? गुरुवारी माझ्या जागी बसायचं?"

"फाब्रिसियो!" डार्विन थांबला. "अरे, दोनदा खेळलो त्याच्याबरोबर. त्याला सगळं आठवतं. कुठल्या डावात मी काय घोळ घातला, कुठलं पान चुकीचं टाकलं, सगळं. घरी जेवताना माझ्या मुलीसमोर सांगतो." त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "तू इतकी वर्षं माझा एक तरी घोळ लक्षात ठेवलास का?"

मी आठवून पाहिलं. एकही आठवेना.

"तेच म्हणतो मी," डार्विन म्हणाला. "गुरुवारी वेळेवर ये."

आम्ही एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, भर रस्त्यात, शाळेतल्या पोरांसारखे गात माझ्या घरापर्यंत आलो. दारात निबिया झाडू घेऊन उभी होती. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग डार्विनच्या, मग आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"कोकरू कुठाय?" तिने विचारलं.